तोमिएबाईंनी रंगवलेलं पोट

मित्रांनो, मी एक जुनी जीपगाडी. वरून मी अजून ठीकठाक दिसते, पण माझं खरं वय पोटाखाली आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा तिथला लोखंडी सांगाडा गुळगुळीत काळा होता. मग मी उत्तर जपानमधल्या आकिताच्या डोंगरात आले. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. तेवीस हिवाळे ते मला खालून खात आलं आहे.

माझ्या मालकीणबाई तोमिए, वय एकाहत्तर, वरच्या वस्तीत एकट्या राहतात. बर्फात तो चढ चढणारी त्यांच्याकडे मीच. त्यांचे धनी होते तेव्हा मीठ जावं म्हणून मला खालून धुवायचे. ते गेल्यावर चार वर्षं कुणी वाकून पाहिलं नाही. यंदा सेंदाई शहरातून त्यांच्या मुलाचा फोन आला, "आई, गाडी सरकारी तपासणीत नापास झाली तर ती भंगारात आणि तू माझ्याकडे. खोली रिकामी करून ठेवलीय." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तोमिएबाईंनी मला ठोकळ्यांवर चढवलं, खाली पुठ्ठा अंथरला आणि तारेचा ब्रश घेऊन आत शिरल्या. गंजाचे पापुद्रे त्यांच्या तोंडावर पडत होते. त्यांचे दीर यासुहेई खारवलेला मुळा चावत बाहेर उभे होते.

"वहिनी, कशाला जीव काढताय? वरून काळं फासा की. काजळ पुसून कोण बघतंय?"

"तुम्ही फासलंत ना भावजी? मग तुमच्या गाडीचा सायलेन्सर रस्त्यात का पडला?"

भावजी मुळ्याकडे वळले.

चार दिवस खरवडणं झालं. मग तांबडं अस्तर, त्यावर काळ्या रंगाचे तीन हात. एक कोपरा सोडला नाही बाईंनी. आणि तिथेच घात झाला. उजव्या मागच्या चाकाच्या आत सांगाड्यावर माझा नंबर कोरलेला आहे, तोही रंगाखाली बुजला. मला ओरडावंसं वाटलं, पण दुसऱ्याने हॉर्न दाबल्याशिवाय माझा आवाज निघत नाही.

तपासणी केंद्रातला तपासनीस तरुण होता. त्याने हातोडीने मला ठोकून पाहिलं.

"लोखंड ठणठणीत आहे, आजी. पण नंबर कुठाय? तो वाचल्याशिवाय पास करता येणार नाही."

बाईंचा चेहरा उतरला. "किती वेळ आहे?"

"चारला बंद करतो. वीस मिनिटं."

बाई गावात जायच्या चांगल्या कोटासकट जमिनीवर आडव्या झाल्या आणि थिनरची चिंधी घासू लागल्या. मी हवालदिल. तारेच्या ब्रशाने आकडाच गेला असेल तर? एक आकडा आला. दुसरा आला. शेवटचा येईना. बाई पुटपुटल्या, "ये ना गं बाई." मला कुणी असं पहिल्यांदाच म्हटलं. शेवटी तपासनीसच वाकला, त्याने विजेरी तिरकी धरली आणि सगळा नंबर मोठ्याने वाचला.

बाहेर येऊन बाईंनी मुलाला फोन लावला. "ती खोली भाड्याने देऊन टाक," म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या गाडीखाली वर्षातून एकदा तरी वाकून बघा. आज सकाळीच आमच्या रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी फिरली. बाई अजून बादली घेऊन आलेल्या नाहीत, आणि मी दाराकडे डोळे लावून बसले आहे.