मान हलवण्याचा अधिकार

"तुम्ही मंडई समितीला संमती दिली होती की नव्हती?" सभापतींनी दुसऱ्यांदा विचारलं, आणि आमचा भाऊ खुर्चीत नुसता चुळबुळत राहिला.

मी मागे प्रेक्षकांच्या बाकावर होते. उठून त्याचा कान पिळावा असं वाटत होतं. नगरसेवक झाला म्हणून काय, माझ्यापेक्षा धाकटाच आहे.

भावाचा धंदा केस कापण्याचा. गिऱ्हाईक काहीही बरळलं तरी हा मान डोलावणार, "हो ना, बरोबर आहे." हातात वस्तरा असताना वाद घालायचा नसतो म्हणे. दुकानात ते ठीक आहे हो! पण नगरपरिषदेने त्याला मंडई समितीवर दुवा सदस्य म्हणून पाठवलं, आणि तिथेही हा नंदीबैलच. समितीचा अध्यक्ष हार्डवेअरवाला. त्याला दुकानासमोर गाड्यांसाठी जागा हवी होती. "मंडईतली शेड पाडू या, परिषदेची हरकत नाही ना?" त्याने विचारलं. ह्याने मान हलवली. समितीने ती परिषदेची संमती धरली आणि शेड जमीनदोस्त केली. त्याच शेडमध्ये माझं शिवणयंत्र होतं. नवरा गेल्यापासून तिथे बसून मी आईचं आणि माझं पोट भरत होते.

दुवा सदस्याने नुसतं ऐकायचं की परिषदेच्या वतीने बोलायचंही, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. आज ते ठरायचं होतं. "मला अधिकार नव्हता, सवयीने मान हलली," एवढं भावाने म्हटलं असतं तर पाडकाम बेकायदा ठरून शेड पुन्हा उभी राहिली असती. आदल्या दिवशी मी त्याच्या दुकानात जाऊन हे त्याला समजावलं होतं. "हो गं ताई, बरोबर आहे तुझं," असं म्हणून त्याने मान डोलावली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"सवयीने हलली असेल बहुतेक..." भाऊ एकदाचा पुटपुटला.

"सवयीने?" हार्डवेअरवाला उसळला. "परिषदेने आमच्याकडे माणूस पाठवला होता की बुजगावणं?"

सभागृह खो खो हसलं. भावाचे कान लाल झाले.

"बुजगावणं कुणाला म्हणता? मी विचार करून संमती दिली. परिषदेच्या वतीने!"

"खोटारड्या!" मी ओरडले.

शिपाई धावत आला. "बाई, प्रेक्षकांना बोलायची परवानगी नाही."

"मग ज्याला आहे त्याला तरी खरं बोलायला लावा!"

मेल्याने मला दंडाला धरून खाली बसवलं.

मग चिटणीसांनी नवा नियम वाचला. दुवा सदस्याने समितीत बसावं, ऐकावं आणि परिषदेला येऊन सांगावं. होकार किंवा नकार देण्याचा त्याला अधिकार नाही. आजपासून लागू. सगळ्यांनी हात वर केले, भावानेही केला. शेडचं काय, असं कुणीतरी विचारलं. "झालं गेलं गंगेला मिळालं," सभापती म्हणाले. गंगेला कसलं, हार्डवेअरवाल्याच्या गाड्यांखाली गेलं!

रविवारी सकाळी भाऊ घरी आला. आमची एकच खोली, उजेड काय तो दारातून येतो, म्हणून शेडमधून उचलून आणलेलं यंत्र मी उंबऱ्याशी मांडलं होतं. आई खाटेवरून म्हणाली, "भाऊ आलाय, पाणी दे त्याला." दिलं. तो दारातच उभा राहून प्यायला.

"ताई, चारचौघांत माझी अब्रू गेली असती गं."

"आणि माझी जागा गेली ती?"

"मी दुसरीकडे बघतो ना. शब्द देतो तुला."

"कुणाच्या वतीने?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"दारातून बाजूला हो," मी म्हटलं. "काही दिसत नाहीये."

तो मागे सरून अंगणात गेला. रिकामा पेला हातात धरून बराच वेळ तिथे उभा होता. आत ये, असं आईसुद्धा म्हणाली नाही.