पानावरची कीड

"अहो, कीड लागलेली पानं कुणी घरात आणतं का?" चाकूच्या पाठीने हातभर लांब पानाची शीर खरवडत एनांगा विचारत होती. "केळीची पानं संपली, म्हटलं वाटलेल्या चवळीची कोकी यांतच बांधून उकडावी."

अंघोळ करून आलेला तिचा नवरा पा एडिआगे दारातच मटकन बसला. ती कीड नव्हती, फुलं होती.

तीस वर्षं तो कुपे डोंगराच्या जंगलात अभ्यासकांना वाट दाखवत आलेला माणूस. पानाच्या मधोमध फुलणारं झाड आपण पाहिलंय असं तो सांगायचा आणि गाव हसायचं. कुणी थाप मारली की आम्ही म्हणायचो, "एडिआगेच्या झाडाखालून आलास वाटतं!" म्हणणाऱ्यांत शेजारी म्हणून मी पुढे आणि एनांगा माझ्याही पुढे. आज दुपारी राजधानीतून, याउंदेहून झाडांचा अभ्यास करणाऱ्या बाई खास ते पान बघायला येणार होत्या, आणि पुरावा चाकूला चिकटला होता.

"मग आधी सांगायचं नाही?"

"तीस वर्षं सांगतोय, बाई."

एनांगाने चाकू ठेवला आणि पदर खोचल्यासारखं कमरेचं कापड आवळलं. "चला. कुठाय ते?"

"तुझे गुडघे?"

"माझे आहेत, मी बघते." मग ती माझ्याकडे वळली. "एबुडे, तू पण चल. नाहीतर उद्या म्हणशील, नवराबायकोने मिळून थाप मारली."

ओढ्यापर्यंत तिचं तोंड चालूच होतं. पलीकडे ते झाड. झाड कसलं, माझ्या खांद्याएवढी काठी आणि शेंड्याला पानांचा झुबका. एकाच पानावर फुलं उरली होती, शिरेवर ओळीने, मोहरीएवढी. एनांगा वाकली. बोट पुढे नेलं, मागे घेतलं.

"पानावरच आलंय हो," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला हसत राहिले."

"हसायचीस तेव्हा छान दिसायचीस," पा म्हणाला.

त्याने पान अलगद कापलं, पण तिने ते त्याला नेऊ दिलं नाही. घराची जवळची वाट सोडून ती गावातून निघाली. दोन्ही हातांवर पान आडवं धरून दारोदार थांबत होती. "बघा. हात लावू नका. माझ्या नवऱ्याचं झाड आहे." मागे पा एडिआगे रिकाम्या हातांनी, नव्या नवरदेवासारखा लाजत.

आमच्या घरांकडून गाडीचा भोंगा ऐकू आला.

"बाई आल्या वाटतं, मा," मी एनांगाला म्हटलं. "उशीर होतोय."

"थांबतील," ती म्हणाली. "अजून सात घरं राहिलीत."