अर्ध्या इंचाचा बिट

नवापूरच्या पागधऱ्यांची हेमाली आयटीआयला फिटरमध्ये पहिली आली होती. पण तारापूरच्या कारखान्यात तिला बसवलं टूलरूमच्या खिडकीत. तीन वर्षं ती पाने, सॉकेट आणि बोल्टच्या खाचेत बसणारे बिट पुरुषांच्या हातात देत होती. बोल्ट मात्र एकदाही तिच्या हाती आला नव्हता.

त्या मंगळवारी मोठ्या मशीनचा गिअरबॉक्स उघडायचा होता. कारखाना तीन दिवस बंद ठेवलेला. दुपारी कंत्राटदाराचा कामगार कुंदन तणतणत खिडकीशी आला.

"मॅडम, दूसरा बिट दो. बोल्ट ही कच्चा है, दो का मुंडी घिस गया."

हेमालीने परत आलेला बारा एमएमचा बिट हातात घेतला. त्याच्या कडा जराही झिजलेल्या नव्हत्या. बिट धड आणि बोल्टची खाच गोल, म्हणजे कदाचित बिटच खाचेत सैल बसत असावा. तिने माप घ्यायचा व्हर्नियर उचलला, खिडकी लावली आणि थेट मशीनपाशी गेली.

इंजिनिअर सुजित कपाळाला हात लावून उभा होता. "तुम्ही इथे कशाला?"

"खाच मोजायला, सर."

गुडघ्यावर बसून तिने न बिघडलेल्या एका बोल्टची सहाकोनी खाच ग्रीस पुसून साफ केली आणि मोजली. बारा पॉइंट सात एमएम.

"सर, ही जुनी परदेशी मशीन आहे. बोल्ट इंचातले आहेत. इथे अर्ध्या इंचाचा बिट लागतो. बाराचा आत जातो, पण सैल बसतो. त्यावर बोल्ट खोलायच्या एअरगनचा जोर पडला की तो खाचेचे कोपरे खाणारच."

"इतने से क्या होता है?" कुंदन म्हणाला.

हेमालीने बाराचा बिट खाचेत घालून बोटाने हलवला. तो खुळखुळला. कुंदनने हातातली गन खाली ठेवली.

अर्ध्या इंचाचा बिट टूलरूममध्ये नव्हता. सुजितने गाडी दिली. बोईसरच्या बाजारात दुकानदाराने चकचकीत बिट पुढे केला, तो तिने परत सारला. "हा हातपान्याचा. गनच्या ठोक्याला तडकेल. इम्पॅक्टचा काळा द्या." दुकानदाराने एकदा तिच्याकडे नीट बघितलं आणि आतून खोका आणला.

परतल्यावर तिने बिट कुंदनपुढे धरला. तेवढ्यात सुजित म्हणाला, "नाही. तुम्हीच लावा."

हेमालीने गन उचलली. तिने बिट खाचेच्या तळापर्यंत ठोकून बसवला, गन सरळ धरली आणि घोडा दाबला. बोल्ट किंचाळला, मग सुटला. एकामागून एक दहा सुटले.

राहिले ते दोन, खाच गोल झालेले. त्यांच्यासाठी तिने टूलरूममधून सहा पाकळ्यांचा, किंचित मोठा बिट निवडला आणि हातोडीने आत ठोकला. पाकळ्या लोखंडात रुतल्या. इथे गन नको म्हणून तिने लांब दांडा लावला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. दांडा हलेना. पुन्हा जोर केला. कडक् असा आवाज झाला. तिला वाटलं बिट तुटला, पण बोल्ट फिरला होता.

"निकल गया!" सगळ्यात आधी कुंदनच ओरडला.

गुरुवारी नवे बोल्ट तिनेच आवळले, ठरलेला जोर झाला की वाजणाऱ्या टॉर्क पान्याची टिकटिक ऐकत, समोरासमोरच्या जोड्यांनी. मशीन सुरू झाली तेव्हा सुजितने कामाचा कागद तिच्यापुढे सही करायला सरकवला. 'फिटर' या शब्दापुढे तिचं नाव होतं. तिने सही केली. कागदावर ग्रीसचा ठसा उमटला. तो तिने पुसला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई, मंगला, अंगणात वाळत घातलेले बोंबील काढत होती. लेकीचे काळे हात बघून ती दचकली.

"काय गो, पडलीस काय?"

"नाय आई. बोल्ट आवळले. बारा."

मग हेमालीने सगळं सांगितलं, सैल बिटापासून सहीपर्यंत. मंगलाला इंच आणि एमएम कळले नाहीत. तिने लेकीचा हात उलटा करून बघितला आणि कुंपणापलीकडच्या जावेला मोठ्याने हाक मारली.

"तानी, हिकडं ये गो! आमची पोरगी फिटर झाली हाय!"

"तीन वर्सांपूर्वीच झाली ना?" तानी येत म्हणाली.

"तवा कागदावर झाली," मंगला म्हणाली, "आज खरी झाली."