थान उस्तादांची फुंकर

चीनमधल्या थ्येनचिनच्या जुन्या नाण्यांच्या बाजारात थान माओलिन स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायचा. ऑनलाइन विकलेलं प्रत्येक नाणं बांधायची मात्र त्याची बायको पेइलान. हातमोजे घालून, नाणं फक्त कडेने धरून ती ते मापाच्या गोल प्लास्टिकच्या डबीत बसवायची. डबी फोममध्ये, फोम दोन पुठ्ठ्यांमध्ये, आणि शेवटी खोकं कानाशी नेऊन हलवायची. आत जरा खुट्ट झालं, की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. "नाणं पाठवतेस की अंडी?" असं थान रोज विचारायचा आणि रोज स्वतःच हसायचा.

पेइलानकडे वडिलांचं एक चांदीचं नाणं होतं, ड्रॅगनचं. वडिलांनी चाळीस वर्षं ते कागदाच्या घडीत ठेवलं होतं. त्यावर निळसर झाक चढली होती, जिच्यासाठी नाणी जमवणारे जीव टाकतात. अखेर तिने ते हार्बिनच्या संग्राहक फांग गुरुजींना विकायचं ठरवलं. वडिलांसारखं तेच जपतील, एवढीच तिची आशा होती.

"हे मी बांधणार," थान म्हणाला. नंतर भांडण नको म्हणून या धंद्यात विकणारा बांधताना व्हिडिओ काढतो आणि घेणारा उघडताना. कॅमेऱ्यापुढे मिरवायची एवढी मोठी संधी तो बायकोच्या हातमोज्यांना कसा देणार?

नुकतीच पातीच्या कांद्याची धिरडी खाऊन उठला होता. त्याने नाणं दोन नखांच्या चिमटीत धरलं, कडेवर जोरात फुंकर मारली आणि कानाशी नेलं. अस्सल चांदी गुणगुणते, हे त्याला कॅमेऱ्याला शिकवायचं होतं. पेइलान म्हणाली, जरा थांब, वाळू दे. त्यावर, चांदी काय धुणं आहे का, असं विचारून त्याने डबी घट्ट मिटली.

फांग गुरुजी लेकीकडे गेले होते. त्यांनी खोकं तीन आठवड्यांनी उघडलं. ड्रॅगनच्या तोंडावर सहा-सात काळे ठिपके. गुरुजींनी संग्राहकांच्या ग्रुपवर सौम्यपणे विचारलं, वाटेत ओल लागली असेल का? थान भडकला. हार्बिनवाल्यांना चांदी सांभाळता येत नाही, असं त्याने तीनशे लोकांसमोर लिहिलं आणि आपला व्हिडिओ टाकायला घेतला.

"आधी एकदा बघ तरी," पेइलान म्हणाली.

"त्यात काय बघायचं? मीच तर आहे."

त्याने टाकलेल्या व्हिडिओत खिडकीतला उजेड अगदी नेमका पडला होता. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक तुषार उडाले, आणि ते ड्रॅगनच्या तोंडावर कुठे बसले तेही स्पष्ट दिसलं. कुणीतरी तिथेच चित्र थांबवून मोठं करून टाकलं. दुसऱ्याने विचारलं, उस्ताद, आज न्याहारीला काय होतं? तिसऱ्याने सांगितलं, दातावर हिरवं दिसतंय, पात असणार. थानने फोन उलटा ठेवला आणि दिवसभर तो सरळ केला नाही.

नाणं परत आलं. पेइलानने खोकं कानाशी हलवलं. आत जराही आवाज नव्हता; गुरुजींनी जीव लावून बांधलं होतं. ते बघून तिला रडू आलं नाही, चीड आली. चाळीस वर्षं ज्याला कुणाचा श्वास लागला नव्हता, ते तिच्या नवऱ्याने एका फुंकरीत घालवलं होतं.

थानने डबी उघडली. सवयीने नाणं चिमटीत धरून ओठांपर्यंत नेलं, आणि बायको बघतेय हे लक्षात येताच थांबला.

"फुंक की," पेइलान म्हणाली. "आता ते घरातच राहणार आहे."