खिडकी नसलेली भिंत

सिग्नेनं दार उघडलं तेच मुळी माफी मागत. "ये बाबा, ये. माझ्या धसमुसळेपणापायी तुला या थंडीत तीन जिने चढायला लागले."

माफी कुणी कुणाची मागायला हवी होती, हे त्या घरात फक्त होकानला ठाऊक होतं, आणि तो बूट काढायच्या निमित्तानं खाली मान घालून बसला होता. नाडी कधीच सुटली होती, तरी तो ती सोडतच राहिला.

होकान फरशीवाला. गोथेनबर्गच्या या चढावर सव्वीस वर्षं त्यानं लोकांची न्हाणीघरं बांधली. सिग्नेचंही त्यानंच बांधलं, आठ वर्षांपूर्वी. "टाइल्समधले सांधे भेगाळलेत, जरा भरून देशील का?" असा परवा तिचा फोन आला. कुठला कोपरा, हे त्यानं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सांध्यांत वरवर ग्राउट भरायचं, सिलिकॉनची एक रेघ ओढायची आणि निघायचं, असं ठरवूनच तो आला होता.

कोपरा तोच निघाला, खिडकीजवळचा. सांध्यांतलं ग्राउट भुगा होऊन पडत होतं.

"मीच घासलं रे ते," सिग्ने म्हणाली. एकोणऐंशी वर्षांची बाई, पण गुन्हा कबूल करणाऱ्या पोरीसारखी दारात उभी होती. "डाग दिसला की मला राहवत नाही. बसते ब्रश घेऊन."

"ब्रशनं असं होत नसतं," होकान पुटपुटला.

"मग पाण्यानं झालं असेल. मी शॉवर फार जोरात सोडायचे ना."

सोडायचे? होकाननं आता कुठे नीट पाहिलं. शॉवरखाली कपडे वाळत घालायची घडवंची उभी होती आणि तिच्यापाशी जिरेनियमच्या तीन कुंड्या. साबण नव्हता, पंचा नव्हता. फरशी ठणठणीत कोरडी.

"मग आंघोळ कुठे करता तुम्ही?"

"तरणतलावावर. मंगळवारी आणि शुक्रवारी जाते ट्रामनं. पोहता येत नाही मला, पण अंगावर पाणी तर पडतं!" ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "खाली जिन्यातली चिठ्ठी वाचली नाहीस का?"

वाचली होती. सूचनांच्या फळ्यावर चार टाचण्यांनी ठोकलेली: 'ज्यांना अजून शॉवर घेता येत नाही, त्यांनी कृपया शिकून घ्यावं. माझ्या छताला डाग पडला आहे. मन:पूर्वक आभार!' पुढे एक हसरा चेहरा. सही नाही. सही कशाला हवी? डाग दुसऱ्या मजल्यावरच्या गुन्ब्रिटच्या छताला, आणि गुन्ब्रिटच्या डोक्यावर राहते ती सिग्ने. अख्ख्या जिन्याला कळायचं ते कळलं होतं. समोरासमोर एक अक्षर बोलायचं नाही आणि फळ्यावर चिठ्ठी लावून माणसाची अब्रू काढायची, यात आमच्या गोथेनबर्गकरांचा हात कुणी धरणार नाही.

"अकरा महिने झाले त्या चिठ्ठीला," सिग्ने म्हणाली. "काढायचं धाडस होत नाही. त्यांचं चुकीचं तरी कुठे आहे? सगळ्यांच्या कपडे धुवायच्या खोलीत मी गेले की बायका बोलता बोलता थांबतात. तू हे भरून दे म्हणजे झालं. मी कॉफी टाकते."

ती गेली आणि होकान तिथेच बादली उपडी घालून बसला.

ते वर्ष त्याला लख्ख आठवत होतं. मिडसमरच्या, उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाच्या, आदल्या दिवशीची दुपार. अख्खा देश गाडीत सामान भरून गावाबाहेर पळत होता. बेटावर जायची शेवटची बोट चारची, बायको धक्क्यावर उभी, फोनवर फोन. काम उरलं होतं एवढंसंच. ग्राउट काही पाणी अडवत नाही, ते नुसतं सांधे भरतं. पाणी अडवतो तो टाइल्समागचा हिरवा थर, आणि तो दोनदा द्यावा लागतो. पहिला वाळला की दुसरा, आणि कोपऱ्यात आधी सांधा बंद करणारी पट्टी. होकाननं एकच थर दिला. खिडकीजवळच्या कोपऱ्यात पट्टी लावलीच नाही. ओल्यावरच टाइल्स चिकटवल्या आणि बोट गाठली. सुट्टीनंतर काम नियमानुसार झाल्याचा दाखला भरायची वेळ आली. दाखल्याला थराचा फोटो जोडावा लागतो. भिंत तर झाकली गेली होती. मग त्यानं पलीकडच्या गल्लीत केलेल्या न्हाणीघराचा फोटो लावला आणि खाली सही ठोकली.

"बघ, मी तुझा कागद कसा जपलाय!" सिग्ने कॉफीच्या ट्रेबरोबर एक फाइल घेऊन आली होती. दालचिनीचे बन अजून गरम होते. "कुणी आलं की मी दाखवते. म्हणते, आमच्या होकाननं केलंय, पक्कं काम आहे, चूक असेल तर माझीच."

प्लॅस्टिकच्या पाकिटात दाखला होता, आणि शेजारी ती सुरेख हिरवी भिंत. दोन थर. कोपऱ्यात पट्टी. होकाननं उचललेला बन तसाच परत ट्रेमध्ये ठेवला.

मग त्यानं काम केलं. हो, केलं! जे केलं ते सांगायलाच हवं. सांधे खरवडले, भुगा झाडला, ग्राउट कालवून रबरी थापीनं दाबून भरलं आणि स्पंजनं पुसलं. हात तयार होते, कोपरा नव्यासारखा दिसायला लागला. अजून एक सिलिकॉनची रेघ, की सुटका. आत भिंत कुजत राहिली असती. वर्षभरानं पुन्हा डाग, पुन्हा चिठ्ठी.

"किती छान झालं!" सिग्ने दारातून म्हणाली. "मी नीट वापरीन हं होकान. शॉवर अगदी हळू सोडीन. बसून घेईन आंघोळ, म्हणजे भिंतीवर उडायचं नाही."

होकानच्या हातातला स्पंज बादलीत पडला.

"नका हो, नका असं बोलू," तो म्हणाला. "दोष तुमचा नाहीये. माझा आहे."

त्यानं पटाशी उचलली आणि आत्ताच भरलेल्या सांध्यात घातली. टाइल सुटायला एक ठोकासुद्धा लागला नाही, नुसती हातात आली. मागची भिंत कुजून काळी आणि शिळ्या पावासारखी भुसभुशीत झाली होती. हिरवा थर कोपऱ्यापर्यंत येऊन तिथेच संपला होता. मग त्यानं सगळं सांगितलं. बोट, एकच थर, पट्टी, फोटो. भिंतीकडे तोंड करूनच सांगितलं. वळून बघायची त्याची हिंमत नव्हती.

मग फाइल उघडल्याचा आवाज आला.

"या फोटोत खिडकी नाहीये," ती हळूच म्हणाली. "मला आधीच दिसलं होतं. मी म्हटलं, आपल्याला फोटोतलं काय कळतंय. म्हातारपणी दिसतही कमी."

होकानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी बरोबर आंघोळ करत होते?"

"हो. अगदी बरोबर."

"अकरा महिने," सिग्ने म्हणाली. तिनं एप्रन सोडला, त्याची नीट घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. "चल खाली. लिहायला घे काहीतरी."

"सिग्ने, मी विम्यावाल्यांना कळवतो, दाखले तपासणाऱ्यांना कळवतो, सगळं—"

"ते तू कळवशीलच. आधी जिना."

फळ्यापाशी तिनं त्याच्या हातात कागद दिला. होकाननं लिहिलं: 'डाग पडला तो भिंतीचं काम चुकल्यामुळे.'

सिग्नेनं चष्मा लावून वाचलं. "कुणाचं काम? भिंत काय आपोआप उभी राहिली?"

त्यानं पुढे लिहिलं: 'चूक माझी. मी खोटा फोटो लावून सही केली. सिग्नेचा काही दोष नाही. होकान, फरशीवाला.'

"आडनाव?"

त्यानं आडनाव घातलं. या चढावर त्याला आता कुणी घराच्या उंबऱ्याशी उभं करणार नव्हतं, हे त्याला लिहिता लिहिताच कळत होतं. सिग्नेनं जुन्या चिठ्ठीच्या चारही टाचण्या एकेक करून काढल्या आणि त्याच टाचण्यांनी नवी लावायला लावली.

तेवढ्यात गुन्ब्रिट कचऱ्याची पिशवी घेऊन उतरली. तिनं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मानेपासून वर लाल होत गेली. "अगं सिग्ने... मी तुझं नाव कुठे लिहिलं होतं..."

"नाही. नाव नव्हतं," सिग्ने म्हणाली.

"दुरुस्ती होईपर्यंत माझ्याकडे ये ना आंघोळीला. खरंच ये."

"नको. आज मंगळवार आहे." सिग्नेनं जुनी चिठ्ठी गुन्ब्रिटच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि वर गेली. खाली आली ती अंगात कोट आणि खांद्याला पंचाची पिशवी घेऊन. होकान अजून फळ्यापाशीच उभा होता. तिथून जावं की थांबावं, तेही विचारायला त्याला तोंड नव्हतं.

"दार उघडं आहे, कॉफी थर्मासमध्ये आहे," त्याच्याकडे न बघता सिग्ने म्हणाली. "मी येईपर्यंत तो कोपरा सगळा उघडा कर."

रस्त्याकडच्या दारात ती थांबली. तिथून मात्र तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"आणि फोटो काढून ठेव, होकान. या वेळी माझ्या भिंतीचा."