पुसलेल्या काचा

फोटोकाका गेल्यावर त्यांच्या स्टुडिओतला मोठा लाकडी कॅमेरा आणि काचेच्या निगेटिव्हच्या पेट्या काकूंनी गावच्या नव्या संग्रहालयाला देऊन टाकल्या. मागणारा काही परका नव्हता, धाकटा दीरच होता. संग्रहालयाचा अध्यक्ष. "वहिनी, घरात धूळ खात पडण्यापेक्षा चार लोक बघतील. दादाचं नाव राहील."

काकूंना पटलं. त्या काचांवर अख्खं गाव होतं. लग्नाची जोडपी, शाळेचे वर्ग, पुरात वाहून गेलेला जुना पूल. आणि एका काचेवर त्यांचा थोरला, चालायला लागला न लागला तोच गेलेला. त्याचा तेवढाच एक फोटो. कागदावरची प्रत वाळवीनं कधीच फस्त केली होती.

उद्घाटनाला मुलगी त्यांना हाताला धरून घेऊन गेली. कॅमेरा दारातच होता, पॉलिश करून चकचकीत. काकूंनी त्याच्यावरून हात फिरवला आणि दिराला विचारलं, "पेट्या कुठायत?"

"पेट्या होय? दोन खोल्यांत काय काय मावणार, वहिनी! पण वाया नाही हं घालवलं काही. काचा गरम पाण्यात सोडा टाकून घासून घेतल्या नि ह्या कप्प्यांवर बसवल्या." त्यानं जुन्या कुलूप-किल्ल्यांच्या कप्प्यावरच्या काचेवर बोटानं टकटक केलं. "बघा, कशी आरपार दिसते. आता मिळते का अशी काच?"

काकू वाकून बघत राहिल्या. काचेखाली गंजक्या किल्ल्या होत्या.

"ह्यात माझा बाळ होता."

"अहो, सगळं काळंच तर होतं. चेहरे कुठे कळत होते?"

तेवढ्यात दोन शब्द बोलायला काकूंना पुढे बोलावलं. त्यांनी माईक धरला. "ह्या काचांवर तुमचे आईबाप होते. माझा मुलगा होता. माझ्या दिरानं सगळे घासून धुऊन टाकले."

मग दिरानंच हसत टाळ्या वाजवल्या. त्याचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. "काय बोलल्या हो!" कोणीतरी म्हणालं.

वाटेत मुलगी रडत म्हणाली, "आई, निदान कॅमेरा तरी परत मागूया."

"काय करायचंय ते रिकामं खोकं?"

त्यानंतर दीर दाराशी आला की काकू आतून कडी लावून घेत. तो गावभर सांगत फिरे, "दादा गेल्यापासून वहिनींचं डोकं जरा फिरलंय. आपणच समजून घ्यायचं."