सासूबाईंचा अंगठा

“ये, बघून घे तुझी वीट,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या. बादलीत वीट नव्हतीच. तांबूस, गढूळ पाणी होतं, तळाशी मातीचा ढीग होता आणि त्यातून विटेचा एक कोपरा तेवढा वर आला होता. सासूबाईंनी माझ्यादेखत त्याला अंगठ्याने हलकेच ढोसलं. तोही खाली बसला.

“सकाळी पाण्यात टाकली. दुपारी बघते तर वीट रजेवर!”

मागून माझा नवरा आला आणि बादलीत डोकावला. “आई, चहात दूध जरा कमी पडलंय.”

“हस तू. याच चहाच्या भिंती बांधणार आहात ना?”

“आई, ही कालच साच्यातून काढलेली वीट होती,” मी म्हटलं. “नुसती बघायला म्हणून आणली होती तुमच्यासाठी.”

“बघितली की. चांगली बुडवून बघितली.”

बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते. काम मुख्यतः फोडण्याचं. लोक विटा, काँक्रीटचे ठोकळे, फरश्या आणून देतात. मी त्या यंत्राच्या दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवते, भार वाढवत नेते आणि किती भाराला काय फुटलं ते कळवते. शेजारी मला फोडमॅडम म्हणतात. घरात कप फुटला तर तो कोणाच्याही हातून फुटो, नाव माझंच होतं.

दाबलेल्या मातीच्या विटा मी त्या यंत्रावर वर्षानुवर्षं फोडत आले होते. कोरड्या फोडल्या, दिवसभर भिजवून फोडल्या. या विटांना भट्टी लागत नाही, म्हणजे कोळसा नाही, धूर नाही. पाया खणताना निघालेली माती चाळायची, वाळू आणि थोडं सिमेंट मिसळायचं, साच्यात जोर लावून दाबायचं आणि तीन-चार आठवडे ओलं ठेवायचं. माती जागेवरचीच, त्यामुळे ट्रकच्या खेपाही वाचतात. आपलं घर बांधायचं तर याच विटांचं, हे मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. नवरा गाड्यांचे ब्रेक दुरुस्त करतो. तो म्हणाला, “तू दाबून बघितलंयस ना? मग झालं.”

जागा सासूबाईंच्या नावावरची होती. त्यांनी हरकत घेतली नाही, पण त्या दिवशी बादली मोरीत ओतताना त्या मला शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही बांधा. जागा तुमचीच आहे. मी मात्र तिथे राहायला यायची नाही. मी आपली इथेच, या भाड्याच्या खोलीत. मातीत एकदा राहून झालंय माझं.”

त्या रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. त्या रागावलेल्या नव्हत्या.

त्याच जागेवर पूर्वी त्यांचं मातीचं घर होतं. सासरे लवकर गेले. सासूबाईंनी कपडे शिवून एकट्याने मुलाला वाढवलं. पावसाच्या दिवसांत सकाळी उठलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं असे. घरभर फिरून त्या भिंती अंगठ्याने दाबून बघायच्या. माती पडण्याआधी मऊ होते आणि कुठे मऊ झाली ते अंगठ्याला कळतं, असं त्या सांगत. जिथे अंगठा रुतायचा तिथे त्या दिवशी नवी माती लिंपायची, आणि मग शिवायला बसायचं.

एका वर्षी मागची भिंत पडली, ती नेमकी शिलाई यंत्रावर. त्या तेव्हा बाहेर कपडे द्यायला गेल्या होत्या.

“सगळं घर दाबून बघितलं होतं गं मी,” त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. “तेवढी यंत्रामागची जागा राहिली. यंत्र भिंतीला अगदी टेकवलेलं होतं ना, मागे हातच जायचा नाही.”

यंत्र दुरुस्त झालं, तरी तेव्हापासून ते थोडं तिरकं उभं राहतं आणि चालताना कुटकुट आवाज करतं. घर मात्र त्यांनी त्याच आठवड्यात सोडलं. आता अशा बाईला मी प्रयोगशाळेतल्या यंत्रावरचे आकडे काय दाखवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काज करत बसल्या होत्या तेव्हा मी शेजारी जाऊन बसले.

“आई, सिमेंट लगेच धरत नाही. रोज पाणी मिळालं, वर ओलं पोतं असलं की ते हळूहळू मातीच्या कणाकणाला बांधत जातं. कालची वीट नुसती दाबलेली होती. बांधली गेली नव्हती.”

त्यांची सुई थांबली. “म्हणजे कच्चा टाका घातलेला कपडा मी धुवायला टाकला?”

“अगदी तसंच.”

“मग आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगेपर्यंत तुम्ही बादली भरली होतीत.”

त्यांनी दातांनी दोरा तोडला. “दुसरी आण.”

दुसरी वीट मोरीच्या कोपऱ्यात मुक्कामाला आली. सासूबाईंनी तिला पोत्यात गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ तिच्यावर तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली. नवरा कुरकुरायचा. “या घरात आधी विटेची आंघोळ होते, मग माझी.” तिकडे जागेवर विटा दाबायचं यंत्र लागलं होतं, विटा निघत होत्या, पोत्यांखाली रचल्या जात होत्या. सासूबाई तिकडे फिरकल्या नाहीत. त्यांची सगळी चौकशी मोरीतल्या विटेपुरतीच होती.

आठवडे भरले तशी वीट बादलीत गेली. घरातली मोठी बादली ती एकच, त्यामुळे चादरी धुवायच्या राहिल्या. सासूबाई रोज बाही वर करून पाण्यात हात घालायच्या, अंगठा दाबायच्या आणि हात पुसायच्या. पाणी निवळच राहिलं. चादरी अगदीच मळल्यावर त्यांनी वीट बाहेर काढली, ओल्या विटेवर टिचकी मारली, कानाजवळ नेऊन पुन्हा मारली.

“बरी आहे,” त्या म्हणाल्या.

माझा चेहरा उजळला असणार, कारण त्यांनी लगेच बोट दाखवलं. “पण तुकड्यावरून कपडा कळत नसतो. अंगात घातल्यावर कळतो.”

मात्र दुसऱ्या दिवशी मी कामावरून घरी आले तर खोलीला कुलूप. त्या जागेवर होत्या. हातात नळी घेऊन त्या विटांच्या थप्प्या भिजवत होत्या आणि मिस्त्रीला विचारत होत्या, हे पोतं मधोमध कोरडं कसं राहिलं म्हणून.

त्यानंतर त्या रोजच जाऊ लागल्या. बांधकाम जोत्याच्या वर आलं होतं. प्रत्येक नवा थर त्या वाकून बघत आणि सांध्यांतून अंगठा फिरवत. एकदा माल नीट न भरलेला एक सांधा सापडला, तेव्हा मिस्त्रीला ती वीट काढून पुन्हा बसवावी लागली.

“मावशी, भिंत मी बांधतोय की तुम्ही?” तो वैतागून म्हणाला.

“बांध ना तू. मी उसवायला आलेय.”

मिस्त्री मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या प्रयोगशाळेतून इन्स्पेक्टर पाठवायचा तर जरा गरीब तरी पाठवायचा.” पण तोही मावशी आल्याशिवाय चहाला थांबेनासा झाला. त्या बाजूला बसल्या की त्याच्या उसवलेल्या खिशाला टाका घालून देत. एवढं सगळं होऊनही कोणी विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. “छे, मी कुठे राहायला येतेय? माझा मुलगा राहणार आहे, म्हणून बघते.”

भिंती कमरेपर्यंत आल्या. खिडक्यांच्या चौकटी आता बसायच्या होत्या. त्या रविवारी आम्ही तिघंही जेवून निवांत निघालो. मिस्त्री त्या दिवशी दुपारी यायचा होता.

लांबूनच पाण्याचा आवाज आला. मागच्या घरातल्या काकांनी सकाळी पंप चालू केला होता आणि ते कुठेसे निघून गेले होते. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. मनगटाएवढी धार वरून थेट आमच्या मागच्या भिंतीवर कोसळत होती. किती वेळ, कोणास ठाऊक. भिंतीच्या पायाशी डबकं साठलं होतं आणि डबक्याचं पाणी तांबूस होतं.

मागचीच भिंत. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं.

भिजवलेली वीट किती भार घेते हे मला तोंडपाठ होतं. पण ही वीट नव्हती, भिंत होती. तिचे वरचे सांधे दोन-तीन दिवसांचेच होते, आणि असा मारा मी यंत्रावर कधी केलेला नव्हता. नवरा काकांच्या गेटवरून चढून आत गेला आणि त्याने पंप बंद केला. धार बारीक झाली, मग थांबली. मिस्त्रीही तेवढ्यात आला, डबकं बघून त्याने कपाळाला हात लावला आणि तोंड उघडलं.

“कोणी काही बोलायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या डबक्यात उतरल्या. कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक वीट, पुढची वीट, त्यांच्यामधला सांधा. वाकून खालच्या थराची. पुन्हा वरची. तांबूस पाणी त्यांच्या पोटऱ्यांवर उडत होतं. नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, “ब्रेक लागेल ना गं?” मी मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही.

जिथे धार पडत होती तिथे त्या थांबल्या. चपला माझ्या हातात दिल्या. आधी एक अंगठा दाबला. मग दोन्ही अंगठे ठेवून, सगळा भार टाकून दाबले, इतके की नखं पांढरी झाली. मग त्यांनी अंगठे उलटे करून बघितले. ते ओले होते, वाळूचे दोन-चार कण चिकटले होते. चिखल नव्हता. डबक्यातली माती खणलेल्या जमिनीची होती. भिंत जिथल्या तिथे होती.

सासूबाई वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, “मला वर घे.”

“कुठे वर?”

“भिंतीवर, कुठे काय!”

“मावशी, अहो, वरचा थर परवाचा आहे!” मिस्त्री ओरडला.

“म्हणूनच.”

नवऱ्याने त्यांना काखेत धरून उचललं. सासूबाई ओल्या भिंतीवर बसल्या, एकदा इकडे, एकदा तिकडे हलून बघितलं आणि पाय मोकळे सोडले. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते. शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या मुलीसारखे ते मागेपुढे हलत होते. आम्ही तिघं खाली चिखलात उभे राहून वर बघत होतो.

“मिस्त्री,” त्या वरूनच म्हणाल्या, “इथली खिडकी जरा पलीकडे घे. उजेड डाव्या हाताने आला पाहिजे.”

“तो कशाला?”

“कशाला म्हणजे? शिवायला! नाहीतर यंत्र काय तुझ्या डोक्यावर ठेवू?”

नवरा हसायला लागला आणि मग त्याला थांबताच येईना. मी त्यांच्या चपला छातीशी धरून उभी होते. माझ्या कपड्यांवर दोन चपलांचे डाग पडल्याचं घरी गेल्यावर दिसलं.

इतक्यात मागचे काका धावत आले. “माफ करा हो, पंप विसरलो, सगळं नुकसान...”

“नुकसान कसलं काका? आजचं पाणी मारायचं काम वाचवलंत. पुढच्या वेळी फक्त आधी सांगा, मी नळी आणणार नाही.” मग त्या मिस्त्रीकडे वळल्या, आणि आता त्यांचा आवाज जरा वेगळा होता. “आणि हे बघ, यंत्र भिंतीला टेकवायचं नाही हं. मागे हात जाईल एवढी फट ठेवायची.”

आम्ही त्या घरात राहायला गेलो. भिंतींना गिलावा केला नाही, विटा तशाच उघड्या ठेवल्या. डावीकडून उजेड येणाऱ्या खिडकीशी यंत्र कुटकुटत राहिलं. बाहेर पाऊस लागला की ते थांबायचं. सासूबाई उठायच्या आणि घरभर फिरून यायच्या, अंगठा दाबत. पहिल्या वर्षी मी ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. नंतर एकदा विचारलंच, “अजून शंका आहे का, आई?”

“शंका कसली? विचारपूस करते.”

सासूबाई जाऊन आता काही वर्षं झाली. यंदा आम्ही भिंती साफ करून त्यांना पारदर्शक रंगाचा एक हात द्यायचं ठरवलं. रंगारी दारापाशी थांबला.

“हे डाग घासून काढू ना?”

मी जवळ जाऊन बघितलं. भिंतभर काळपट, चकचकीत ठिपके होते, अंगठ्याएवढे. शिलाई यंत्राच्या तेलाचा हात दर पावसात भिंतीला लागलेला. ठिपके एका ओळीत नव्हते. सगळ्यांत वरचे माझ्या खांद्याच्या उंचीवर होते, त्यांच्या खाली दुसरे, आणखी खाली तिसरे. शेवटचे माझ्या कमरेशी होते. वर्षागणिक एवढ्या त्या वाकत गेल्या होत्या, आणि रोज समोर असून ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“राहू देत,” मी म्हटलं. “वरून रंगाचा हात द्या फक्त.”

खिडकीपाशी नवऱ्याने आणि रंगाऱ्याने यंत्र उचलून बाजूला ठेवलं. मागे ठिपके वेगवेगळे मोजता येत नव्हते. एकावर एक पडून त्यांचा एकच डाग झाला होता, तळहाताएवढा, आरशासारखा गुळगुळीत. नवऱ्याने त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. बराच वेळ दाबून धरला.

रंग वाळल्यावर यंत्र परत जागेवर आणलं. “टेकवू का भिंतीला?” रंगाऱ्याने विचारलं.

“नको,” नवरा म्हणाला. “हात जाईल एवढी फट ठेव.”